गाडीतून नेलं की वाद्य दरवेळी बिघडतंय? आधी हे तपासून बघा

आमच्या ग्रुपची वाद्यं गाडीतून न्यायची-आणायची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. तबला-डग्गा, पेटी (हार्मोनियम), तंबोरा, दोन गिटार, एक व्हायोलिन, कधी बासऱ्यांची पिशवी. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक खेपेला पोचल्यावर काहीतरी बिघडलेलं निघायचं आणि आम्ही सगळे खड्ड्यांना शिव्या द्यायचो. नंतर एकेक गोष्ट तपासत गेलो तेव्हा कळलं की धावणाऱ्या गाडीत फारसं काही होत नाही. नुकसान होतं ते उन्हात थांबलेल्या गाडीत, नाहीतर वाद्याच्या केसच्या, म्हणजे खोक्याच्या, आतल्या मोकळ्या जागेत. या दोन गोष्टी सुधारल्या आणि आमच्या निम्म्याहून जास्त तक्रारी बंद झाल्या. म्हणून ज्या क्रमानं मी तपासतो त्याच क्रमानं लिहितोय, म्हणजे फुकटातल्या गोष्टी आधी आणि कारागिराकडे जायचं ते शेवटी.

लक्षणं

आधी तुमचं वाद्य नेमकं काय करतंय ते बघा, कारण "बिघडलंय" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

तारवाद्याच्या सगळ्या तारा थोड्या थोड्या उतरल्या असतील, साधारण सारख्याच, तर तो तापमानाचा फरक आहे, घाबरू नका. एकच तार खूप उतरली असेल तर खुंटी सरकलीय. गिटारच्या खालच्या पट्ट्यांवर (फ्रेटवर) पूर्वी नसलेली झणझण यायला लागली तर लाकूड कोरडं पडून टॉप (वरची फळी) खाली बसलाय किंवा मान हललीय, आणि उलट तारा उंच होऊन दाबायला जड जात असतील तर लाकडानं ओल धरलीय. तंबोऱ्याची जवारी (तारांचा झंकार) गेली, आवाज बोथट झाला, तर घोडी (तारा ज्यावर टेकतात तो भाग) जागेवरून सरकली असणार. व्हायोलिनचा आवाज एकदम पोकळ झाला आणि आत काहीतरी खुळखुळतंय, तर आतला साउंड पोस्ट (दोन फळ्यांमध्ये उभी असलेली लाकडी काडी) पडलाय (यात लगेच थांबायचं, खाली लिहिलंय). तबल्याचा स्वर चढला तर कातडं सुकलंय, उतरला तर दमट हवा लागलीय, आणि पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) एकाच बाजूला स्वर वेगळा लागत असेल तर त्या बाजूचे गठ्ठे (कडेचे लाकडी ठोकळे) सरकलेत किंवा वादी (कातडं ताणणारी चामड्याची पट्टी) सैल झालीय. पेटीचा एखादा सूर पट्टी न दाबताच वाजत राहतो किंवा एखादा सूर वाजतच नाही, ही तर प्रवासानंतरची नेहमीचीच तक्रार.

लक्षण एका ओळीत लिहून ठेवा, सोबत तारीख आणि त्या दिवशी वाद्य गाडीत कुठे ठेवलं होतं ते. तीन-चार खेपांनंतर त्या नोंदींमधूनच कारण दिसायला लागतं.

पहिलं काम: थांबा

हे फुकट आहे आणि सगळ्यात जास्त लोक हेच टाळतात. पोचलं की लगेच केस उघडून सूर लावायला बसू नका. केस खोलीत आणून बंदच ठेवा, अर्धा तास तरी, आणि आतलं-बाहेरचं हवामान फार वेगळं असेल तर एक तास. कारण असं की गाडीत तापलेली तार लांबते आणि सूर उतरतो, तुम्ही तो लगेच वर ओढता, मग थंड खोलीत तीच तार आखडते, सूर पुन्हा चढतो आणि ताण गरजेपेक्षा जास्त होतो, आणि हे ओढणं-सोडणं दर कार्यक्रमाला दोन-तीन वेळा होतं. तबल्याच्या बाबतीत तर हे जास्तच महाग पडतं. गाडीतून काढल्या काढल्या हातोडी घेऊन गठ्ठे ठोकायला लागलं की कातडं अजून स्थिर झालेलं नसतं, आणि वर्षभर टिकली असती अशी पुडी महिन्याभरात काठाशी फाटते.

एसी गाडीतून दमट गरम जागेत उतरलात तर वाद्यावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. केस बंद असली तर ते दव केसवर धरतं आणि वाद्य वाचतं. की-बोर्ड, अँप असं इलेक्ट्रिकचं काही असेल तर तेही या वेळेत चालू करायचं नाही, आतल्या बोर्डावर ओल धरलेली असू शकते.

मग डोळ्यांनी आणि कानांनी

मोबाईलचा टॉर्च घ्या आणि उजेड वरून न पाडता आडवा पाडा, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, म्हणजे केसाएवढी भेगसुद्धा सावलीमुळे दिसते. घोडी सरळ उभी आहे का, सांध्यांवर रेष उघडलीय का, तंबोऱ्याचा भोपळा आणि दांडी जिथे जोडलीय तिथे पॉलिशला तडा गेलाय का, हे बघा. वाद्य बाहेर काढल्यावर रिकाम्या केसच्या तळाशीसुद्धा बघा. लाकडाचा भुसा, सरसाचा (सांधे जोडायच्या जुन्या पद्धतीच्या गोंदाचा) पिवळट खडा, तबल्याच्या शाईचे काळे कण असं काही सापडलं तर ते वाद्यातूनच पडलंय. झटकून टाकू नका, कागदाच्या पुडीत ठेवा.

नंतर बोटाच्या पेरानं वाद्यावर हळूच टकटक करत फिरा, दार वाजवतो त्याच्या पाव जोरानं. सगळीकडे आवाज भरीव येतो आणि एका ठिकाणी पत्रा हलल्यासारखी झरझर येते, तिथे सांधा सुटलाय. मला हे एका तंबोऱ्यावर पहिल्यांदा नीट कळलं. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं, चारही तारा सुरात होत्या, पण खर्ज छेडला की कुठूनतरी बारीक कुरकुर यायची. पेरानं वाजवत वाजवत तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी फळीच्या) काठाला आलो आणि चार बोटांच्या अंतरात आवाज बदलला. तिथे व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा लावला तर तो अलगद आत गेला. तबली आणि भोपळा यांचा जोड तेवढाच सुटला होता. वेळेत कळलं म्हणून साधं चिकटवून भागलं, तसाच वाजवत राहिलो असतो तर तारांच्या ताणानं पूर्ण काठ उघडला असता.

गिटारवाल्यांनी हीच कागदाची तपासणी ब्रिजच्या (गिटारच्या घोडीच्या) मागच्या कडेला करावी. साधा कागद ब्रिजखाली शिरायला नको. कडेला जेमतेम नखाएवढा गेला तर लक्ष ठेवा, त्याहून जास्त आत गेला तर तारा सैल करून थेट दुरुस्तीला.

केसच्या आत वाद्य हलतंय का

ही तपासणी बहुतेकजण करतच नाहीत. महागातली हार्ड केस घेतली म्हणजे झालं असं वाटतं, पण केसच्या आत दोन बोटं जागा मोकळी असेल तर प्रत्येक ब्रेकला वाद्य आतल्या आत केसवर आपटतं. वाद्य आत ठेवा, केस बंद करा, दोन्ही हातांनी उचला आणि हळूच डावी-उजवीकडे, मग मागे-पुढे कलवा. ठक् किंवा सरकल्याचा आवाज आला तर दोष तिथेच आहे.

उपाय म्हणजे घरातले जुने टॉवेल, सुती ओढण्या, मऊ चादर. भरताना जागा मात्र बघून भरा. टॉपवर, घोडीवर, पुडीवर दाब येईल असं काही कोंबायचं नाही. वाद्याच्या बाजूंना आणि मानेखाली भरायचं. गिटारचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे मानेचा आणि डोक्याचा (खुंट्या असतात त्या टोकाचा) जोड, त्यातही ज्यांचं डोकं मागे कललेलं असतं त्यांचा. केस पाठीवर आडवी पडली तरी डोकं केसच्या तळाला टेकता कामा नये. मानेखाली, डोक्याच्या थोडं अलीकडे, टॉवेलची घट्ट गुंडाळी द्या म्हणजे डोकं अधांतरी राहील. डोकं टेकलेलं असलं आणि केस आपटली की सगळा धक्का त्या बारीक जोडावर येतो आणि तो तिथेच मोडतो.

तंबोऱ्याच्या भोपळ्याला मी चादरीची मोठी चुंबळ करतो, तबल्याखाली असते तशीच पण परातीएवढी. भोपळा वाळलेला असतो, त्याला सगळीकडून सारखा आधार मिळाला तर तो बराच दाब सोसतो, पण एकाच जागी सीटबेल्टचं बक्कल किंवा कुणाच्या बॅगेचा कोपरा लागला की अंड्यासारखा तडकतो.

गाडीत कुठे ठेवलं होतं

डिकी सोयीची आहे हे मान्य, पण मागच्या चाकांच्या मागे जितकं जावं तितका उसळीचा जोर वाढतो. बसच्या शेवटच्या सीटवर बसलेल्या माणसाला विचारा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग सगळ्यात शांत. त्यामुळे तबला-डग्गा पुढच्या सीटच्या मागे पायाशी, चुंबळीवर, पुडी वर करून, आणि दोन्हींच्या मध्ये उशी. एकमेकांवर कधीच नाही. पेटीसुद्धा तिथे मावली तर उत्तम. पट्ट्या वरच्या बाजूला हव्यात, भाता बंद करून खटका लावलेला, सगळे स्टॉप (पुढच्या ओढायच्या खुंट्या) आत ढकललेले. पेटी उभी किंवा आडव्या कुशीवर ठेवली की आतली धूळ सुरांच्या जिभांवर जाऊन बसते आणि मग तो "एक सूर वाजतच नाही" प्रकार होतो.

गिटार मागच्या सीटवर आडवी, गाडीच्या रुंदीत, आणि केसच्या मुठीतून सीटबेल्ट ओवून ओढून घट्ट केलेला. नुसता वरून टाकलेला बेल्ट काही धरत नाही. जोराचा ब्रेक दाबला की मोकळी ठेवलेली १० किलोची पेटी साधारण ८ किलोच्या जोरानं पुढे ढकलली जाते, म्हणजे ती वाद्यासाठीच नाही, पुढे बसलेल्यांसाठीही धोक्याची आहे. वर काही ठेवायचं नाही, अगदी हलकं जॅकेटसुद्धा नाही, कारण एकदा जॅकेट ठेवलं की त्यावर कुणीतरी बॅग ठेवतंच, आमच्याकडे प्रत्येक वेळी असंच झालंय.

ऊन

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी कुणाचंच ऐकून घेत नाही. बंद गाडी उन्हात उभी राहिली की तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा २० अंशांहून जास्त चढतं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. बाहेर ३५ असेल तर आत ५५ च्या पुढे. काच बोटभर उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. बऱ्याच वाद्यांचे सांधे अजूनही सरसानं जोडलेले असतात आणि सरस ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, हवा दमट असेल तर त्याआधीच. नवे लाकडाचे गोंदही उष्णतेत दम सोडतात. आणि या सगळ्या वेळात तारा ओढतच असतात, स्टीलच्या तारांच्या गिटारवर तो ताण सगळा मिळून ७० किलोच्या आसपास असतो. म्हणजे वीस मिनिटं चहाला थांबलो एवढंच झालं, पण परत येईपर्यंत ब्रिजची मागची कड उचललेली असू शकते. काळी केस असेल तर अजून वाईट.

केसमध्ये तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल मीटर ठेवा, ज्यात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा लक्षात राहतो असं. पोचल्यावर तो आकडा बघा. तापमान ४० च्या वर गेलेलं दिसलं तर इतर काही शोधायची गरज नाही, कारण सापडलं. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये राहिली तर लाकडाची वाद्यं खूश असतात, ४० च्या खाली फार वेळ गेली की भेगांची भीती, आणि बासरीला तर ती भीती सगळ्यात जास्त, बांबू सरळ उभा चिरत जातो.

गाडीत वाद्य ठेवायच्या आधी दहा मिनिटं गाडी थंड करून घ्या. एसीचा झोत सरळ केसवर येऊ देऊ नका, ती हवा कोरडी असते. थांबा घेतलात तर वाद्य सोबत उतरवा, जड असेल तर एकजण गाडीत एसी चालू ठेवून बसेल. आमच्यात आता पाळ्या ठरलेल्या आहेत. सिलिका जेलच्या पुड्यांबद्दल एक सांगतो, पावसाळी दमट दिवसांत त्या ठीक आहेत पण कोरड्या हवेत केसमध्ये टाकल्या तर लाकडातली उरलीसुरली ओलसुद्धा खेचून घेतात. मीटर बघून टाका.

तारा किती सैल करायच्या

लांबचा प्रवास असेल तर गिटार अर्धा ते एक स्वर उतरवायची, बस. पूर्ण सैल केली तर मानेवरचा ताण एकदम जातो आणि मानेतली लोखंडी रॉड मानेला उलट बाजूला ओढते. व्हायोलिनच्या सगळ्या तारा एकदम सोडायच्या नाहीतच, घोडी आणि साउंड पोस्ट दोन्ही फक्त दाबावर उभे असतात, कशानंही चिकटवलेले नसतात. गजाचे (बोचे) ताणलेले केस मात्र सैल करायचेच. तंबोऱ्याच्या तारा थोड्या उतरवा पण घोडी धरून राहील एवढा ताण ठेवा, आणि निघण्याआधी घोडीच्या दोन्ही कडांना पेन्सिलीची अगदी फिकट खूण करा किंवा फोटो काढा, म्हणजे सरकली तर मूळ जागा कळेल. या एका फोटोनं जवारीचा त्रास किती वेळा वाचवलाय सांगता येत नाही. तबला खूप चढ्या स्वरात असेल आणि कोरड्या उन्हाच्या ठिकाणी जायचं असेल तर गठ्ठे थोडे वर ठोकून स्वर उतरवून न्या.

पेटी उघडायची वेळ आली तर

वाजत राहणारा सूर असेल तर आधी पट्टी दोन-चार वेळा हलकेच वर-खाली करून बघा. पट्टी शेजारच्या पट्टीला घासत असेल किंवा खाली कचरा अडकला असेल तर बऱ्याचदा एवढ्यानंच सुटतं. नाही सुटलं तर वरचं झाकण काढून त्या पट्टीखालचं चामड्याचं पॅड भोकावर नीट बसतंय का ते बघा, मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा. न वाजणाऱ्या सुरासाठी तीच पट्टी दाबून भाता जरा जोरात मारा, बारीक कण असेल तर उडून जातो. मग भात्याची तपासणी. भाता भरा, एकही पट्टी दाबू नका आणि तो किती हळू खाली बसतो ते बघा. लगेच फुस्स करून बसला तर कुठूनतरी हवा गळतेय. इथपर्यंत घरी ठीक आहे. पितळी जिभेला नख, टाचणी, ब्लेड काही लावायचं नाही, जीभ जराशी खरवडली तरी सूर कायमचा बदलतो.

गिटारची रॉड फिरवायची वेळ आलीच तर वाद्य एक पूर्ण दिवस खोलीत स्थिरावल्यावरच, एका वेळी पाव फेरा आणि मग पुन्हा काही तास वाट. जड लागली की सोडून द्या.

इथे थांबायचं आणि कारागिराकडे जायचं

व्हायोलिनचा साउंड पोस्ट पडला की सगळ्या तारा सैल करा, वाजवू नका. पोस्टचा आधार नसताना तारांचा दाब पुढची फळी आत दाबतो. गिटारच्या डोक्याला भेग दिसली, भोपळ्याला तडा गेला, ब्रिज उचलला, तबली सुटली, पुडी फाटली किंवा शाई निघायला लागली, पेटीचा सूर बेसूर झाला, भाता गळतोय, यातलं काहीही असेल तर घरचा प्रयोग नको. विशेषतः झटपट चिकटणारा गोंद लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. तो लाकडात मुरतो आणि मग त्यावर सरस धरत नाही. माझ्याकडे आलेल्या एका सतारीच्या भोपळ्यावर कुणीतरी तो गोंद ओतलेला होता. मूळ तडा दोन इंचाचा असेल, पण कारागिराला गोंद खरवडून काढण्यासाठी त्याच्या चौपट जागा मोकळी करावी लागली, आणि रंग शेवटी जुळला नाहीच.

नेताना तारांचा ताण कमी करा, सुटलेला तुकडा कितीही बारीक असला तरी पुडीत घालून सोबत द्या, तडा गेला त्या जागी कागदी टेपही लावू नका कारण ती काढताना पॉलिश निघतं. कारागिराला तारखांची ती नोंद आणि मीटरवरचा सगळ्यात जास्त आकडा दाखवा. आणि हो, दुरुस्त झालेलं वाद्य कधी नेऊ शकता ते नीट विचारून घ्या, त्यानं सांगितलेल्या दिवसाआधी आणायला जाऊ नका, ओला सांधा घेऊन पुन्हा गाडीत बसलात तर तीच रेष परत उघडते.